यादीतलं पहिलं नाव

विष्णू आठल्ये जन्मात कधी अमेरिकेला गेला नाही, पण अमेरिकेची काळजी वाहण्यात त्याची निम्मी हयात गेली. आठवडाभर जर्मनीतल्या कार्ल्सरूहेत गिअरबॉक्सवर डोकं चालवायचं आणि शनिवारी दुपारी चार मराठी माणसं जेवायला बोलावून अमेरिकेचे प्रश्न सोडवायचे, हा त्याचा वीस वर्षांचा शिरस्ता. मेक्सिकोच्या सीमेवरची भिंत, बंदुकांचे परवाने, राष्ट्राध्यक्षांचे भल्या पहाटेचे ट्वीट, यातलं काही म्हणता काही त्याच्या तावडीतून सुटायचं नाही. बायको मालिनी म्हणायची, "अहो, तळघरातल्या केलरची किल्ली कुठल्या खिळ्याला असते ते तुम्हाला अजून माहीत नाही, आणि तिकडच्या सिनेटमध्ये कोण कुठं बसतो ते पाठ!" विष्णू हसायचा आणि पापड मागायचा.

एकोणीस सालच्या जूनमध्ये तिकडच्या संसदेच्या एका समितीसमोर गुलामगिरीच्या भरपाईवर सुनावणी झाली. अडीचशे वर्षं माणसं जनावरांसारखी राबवली, आता त्यांच्या वंशजांचं देश काही देणं लागतो की नाही, असा प्रश्न होता. विष्णूनं ती सुनावणी लॅपटॉपवर पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली, आणि पुढचे कित्येक शनिवार दुसरा विषय निघू दिला नाही.

हृषिकेश नावाचा आयटीतला तरुण नेमानं त्याच्याशी भांडायला यायचा. "विष्णूकाका, आज जिवंत असलेल्यांपैकी कुणी गुलाम ठेवले होते का? मग त्यांनी का म्हणून भरायचं?"

"पैशाचं नंतर बघू रे," विष्णू म्हणायचा. "आल्झो, म्हणजे असं बघ, आधी कबुली. ज्यानं केलं त्यानं तोंडानं म्हणायचं, हो, आम्ही केलं. जर्मनांना म्हणावं लागलं की नाही? ते म्हटल्याशिवाय पुढचं सगळं फुकट."

हे बोलताना त्याचा आवाज इतका कळवळायचा की हृषिकेशही पुढचा मुद्दा विसरायचा. तो कळवळा खोटा नव्हता. माणूस मनात एक गाव धरून बोलतो आणि तोंडानं दुसऱ्याच गावाचं नाव घेतो, तसं त्याचं चाललं होतं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण काही उगाच पडलेली नाही.

झाकलेलं होतं ते त्र्याऐंशी सालचं. विष्णू तेव्हा एका जिल्ह्याच्या गावी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. कॉलेजमागच्या गल्लीत माई नावाच्या एक वयस्कर बाई मेस चालवायच्या. चौदा पोरांची पंगत, आणि कुणाला घ्यायचं, कुणाला नाही, ते पोरंच ठरवायची. नावांची वही विष्णूकडे असायची. एके दिवशी वर्गातला जगदीश भालेराव आला आणि म्हणाला, "विष्णू, तुमच्या मेसमध्ये जागा आहे का रे?" जागा होत्या. एक नाही, दोन होत्या. पण जगदीश बौद्ध होता, आणि आतल्या खोलीत बसलेल्या पोरांनी माना हलवल्या. एकजण हळूच म्हणाला, "माईंना चालायचं नाही रे. म्हातारीला कशाला दुखवायचं?"

माईंना कुणी विचारलंच नाही. विष्णू दारात आला आणि म्हणाला, "मेस फुल्ल आहे रे सध्या. तुझं नाव वेटिंग लिस्टमध्ये टाकतो." जगदीशच्या समोरच त्यानं वही उघडली, वर 'वेटिंग' असं लिहिलं आणि खाली एक नंबरला जगदीशचं नाव घातलं. जगदीश 'थँक्यू' म्हणाला. कुणाचा आवाज चढला नाही, कुणी कुणाला शिवी दिली नाही, सगळं अगदी सभ्यपणे पार पडलं. पंधरा दिवसांनी मिरजेचा एक जोशी आला आणि त्याला संध्याकाळच्याच पंगतीत पाट मिळाला. जगदीश एसटी स्टँडवरच्या हॉटेलात जेवत राहिला. फेब्रुवारीत त्याला कावीळ झाली, परीक्षा हुकली आणि वर्ष गेलं. पुढं तो मागच्या वर्गात बसू लागला आणि विष्णूला समोरून येताना दिसला की विष्णू वाचनालयात शिरायचा.

गंमत पाहा, हाच विष्णू शहाण्णव साली जर्मनीत आला तेव्हा त्याला घर मिळेना. वर्तमानपत्रातली जाहिरात बघून तो फोन करायचा, नाव सांगायचा, आणि पलीकडून गोड आवाजात उत्तर यायचं, "लायडर शोन फरगेबेन." म्हणजे क्षमा करा, जागा दिली गेली. पुढच्या शनिवारी तीच जाहिरात पुन्हा छापून यायची. हा किस्सा विष्णू दर दोन महिन्यांनी तरी रंगवून सांगायचा. त्या वहीची गोष्ट मात्र त्यानं कधी कुणाला सांगितली नाही, मालिनीलाही नाही.

अठरा सालच्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप आला. पुण्याहून एक मुलगी इथं संशोधनाला आली आहे, खोली हवी आहे, आनमेल्डुंग होईल अशी, कारण पत्त्याची नोंद झाल्याशिवाय बँकेतलं खातंसुद्धा उघडत नाही. विष्णूचा मुलगा रुपेश नोकरीसाठी बाड हॉम्बुर्गला गेला होता, त्याची वरची खोली रिकामीच होती. मालिनीनं मुलीला चहाला बोलावलं. "धम्मदीपा भालेराव," मुलगी म्हणाली, "सगळे दीपाच म्हणतात." आणि मग तिचा चेहरा उजळला. "काका, वेटिंग लिस्टवाले विष्णू आठल्ये तुम्हीच का? बाबा सांगतात ना! मेस भरलेली होती, बाकीचे बोलतही नव्हते, पण एका मुलानं वहीत पहिलं नाव त्यांचं लिहिलं."

विष्णूनं कप बशीत ठेवला. पहिल्यांदा त्याला हायसं वाटलं. चला, जगदीशला माहीत नाही. मग त्या हायसं वाटण्याचीच इतकी लाज वाटली की त्यानं त्याच दिवशी खोली देऊन टाकली. भाडंही नावापुरतंच सांगितलं. जन्मात भाडेकरू नको म्हणणारा नवरा असा एकदम कर्णाचा अवतार कसा झाला, ते मालिनीला कळेना. विष्णूला वाटलं, फिटलं. निदान थोडं तरी फिटलं.

पण फिटलं म्हणायला आधी कुणाला तरी सांगावं लागतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तो तर दर शनिवारी तेच बोलत होता.

एकोणीसच्या नोव्हेंबरमध्ये जगदीश लेकीला भेटायला आला. वीज मंडळात मोठ्या हुद्द्यावर होता, केस पिकलेले, चालणं सावकाश. दारात त्यानं विष्णूला मिठी मारली. विष्णूनं ठरवलं होतं, पहिल्या दिवशीच सांगायचं. पहिल्या दिवशी पाहुणा प्रवासानं दमलेला होता. दुसऱ्या दिवशी मालिनी समोर होती. तिसऱ्या दिवशी काहीच आडवं आलं नाही, तरी घोडं अडलं ते अडलंच.

नऊ तारखेला शनिवार आला. बर्लिनची भिंत पडल्याला त्या दिवशी तीस वर्षं झाली होती, टीव्हीवर सकाळपासून तेच चाललं होतं. मसालेभाताच्या पहिल्या वाढीबरोबर अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांवरचा महाभियोग आला, कारण पुढच्या आठवड्यात सुनावणी उघडपणे टीव्हीवर दाखवणार होते. दुसऱ्या वाढीला भरपाई आली. हृषिकेशनं नेहमीचं म्हटलं, विष्णूनं नेहमीचं म्हटलं. मग कुणीतरी त्याला घराचा किस्सा सांगायला लावला आणि त्यानं तो सांगितला, पण या खेपेला रंग भरला नाही.

"तुला कसं कळलं, जागा दिलेली नव्हती ते?" जगदीशनं विचारलं.

"पुढच्या शनिवारी तीच जाहिरात आली ना!" विष्णूच्या आधी हृषिकेशच ओरडला, आणि सगळे हसले. जगदीशही हसला. मग त्यानं ताक मागितलं.

जेवणं झाल्यावर विष्णू उठला. त्या तारखेला त्याचं एक काम असायचं. त्याच्या इमारतीच्या दारासमोर फरसबंदीत पितळेचा एक छोटा चौकोन बसवलेला होता. तिथं राहणाऱ्या हेडविग नावाच्या ज्यू बाईला नाझींनी चाळीस साली उचलून फ्रान्समधल्या छावणीत नेलं होतं, तिच्या नावाचा तो पितळ चढवलेला दगड. असे दगड गावभर आहेत आणि नऊ नोव्हेंबरला, अडतीस साली ज्या रात्री ज्यूंची दुकानं आणि प्रार्थनामंदिरं जाळली त्या तारखेला, लोक ते घासून लख्ख करतात. खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ लांग या शेजारीणबाई थकल्यापासून हे काम विष्णूनं आपण होऊन घेतलं होतं. "मीही येतो," जगदीश म्हणाला.

दोघे पन्नाशी उलटलेले पुरुष फरसबंदीवर गुडघे टेकून बसले. विष्णूनं पॉलिश लावलं, जगदीश फडक्यानं घासू लागला. ऊन उतरत होतं आणि गारठा वाढत होता.

"हा दगड कुणी बसवला?"

"इमारतीतल्या लोकांनी मिळून."

"त्यांनी काढलं होतं का तिला घराबाहेर?"

"छे रे. हे सगळे नंतर राहायला आले."

"मग यांना काय पडलंय?"

"कुणीतरी म्हणायला हवं ना, की इथं असं झालं," विष्णू म्हणाला. सवयीनं म्हणाला, आणि म्हणता म्हणताच पॉलिशचं झाकण शोधू लागला.

जगदीश काही वेळ घासत राहिला. काळपट पितळेतून अक्षरं वर येत होती. मग मान वर न करता त्यानं विचारलं, "विष्णू, त्या यादीत माझ्या पुढं कितीजण होते रे?"

आता सांग, विष्णूनं स्वतःला बजावलं. याच्यापेक्षा सोपं कुणी करून देणार नाही. आणि त्याच्या तोंडातून निघालं, "असतील दोन-तीन. आता कुठलं आठवतंय?"

"पुढं कुणी नव्हतं," जगदीश शांतपणे म्हणाला. "पहिलं नाव माझंच होतं. वही माझ्यासमोर उघडलीस, पान कोरं होतं. मेस भरलेली असती तर माझ्या आधी कुणाचं तरी नाव असतं. आणि पंधरा दिवसांनी तो जोशी तुमच्यात जेवताना दिसला. कळायला काय, मी काही वेडा नव्हतो."

"जगदीश, मी तेव्हा..."

"मला नको सांगू. मला माहीत आहे." त्यानं फडकं झटकलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि विष्णूला तर राग हवा होता. "दीपाला सांग. ती लहान होती, तिला कशाला सांगायचं म्हणून मी गोष्ट बदलली. वेटिंग लिस्टवाला चांगला मुलगा मीच तयार केला. आता पोरगी मोठी झाली. ती गोष्ट दुरुस्त करायची तर तूच कर, तुझी आहे ती."

तेवढ्यात दीपाच दार उघडून बाहेर आली. तिच्या हातात चहाचे दोन मग होते. "काका, झालं का तुमचं?"

"झालं," विष्णू म्हणाला.

जगदीशनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि लेकीच्या हातातला चहाचा मग घेतला.

तो परत गेल्यावर विष्णूचे दिवस वाईट गेले. दीपा जिन्यात भेटायची, स्वयंपाकघरात भेटायची, आणि प्रत्येक वेळी त्याच्या जिभेवर ते वाक्य यायचं. एकदा तो वर तिच्या दारापर्यंत गेला, दार वाजवलं आणि विचारलं, "हीटिंग नीट चालतंय ना?" चालत होतं. तो खाली आला.

नोव्हेंबरच्या शेवटी हृषिकेश मोबाइल नाचवतच आला. शिकागोजवळच्या एका गावानं भरपाईसाठी निधी ठेवायचं ठरवलं होतं. "काका, गेनाऊ, अगदी तुमचाच मुद्दा! जिंकलात!" विष्णू म्हणाला, "बरं झालं," आणि भात लागला का ते बघायला आत गेला. त्यानंतर शनिवारी माणसं येत राहिली, पण अमेरिकेचा विषय त्यानं स्वतः काही काढला नाही. मालिनीनं विचारलं, "अहो, तब्येत बरी आहे ना?"

डिसेंबरात दीपाला कोलोनच्या विद्यापीठात पुढची जागा मिळाली. निघायच्या दिवशी तिच्या दोन बॅगा दारात उभ्या होत्या आणि टॅक्सी यायला पाच मिनिटं होती. पाच मिनिटं पुष्कळ होती. तीन वाक्यांचं तर काम. मेस भरलेली नव्हती. दोन जागा रिकाम्या होत्या. तुझ्या बाबांना मी खोटं सांगितलं.

दीपा वाकून त्याच्या पाया पडायला लागली, तसा तो दचकून मागं सरला. "नको, नको गं."

"का नको? मी इथं राहायला आले तेव्हा बाबा फोनवर काय म्हणाले, सांगू? म्हणाले, आठल्यांनी आपल्याला दोनदा जागा दिली. एकदा वहीत आणि एकदा घरात." तिचे डोळे भरून आले होते. तिनं खोलीची किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली.

विष्णूनं मूठ मिटली. तोंड उघडलं. बाहेर टॅक्सीचा हॉर्न वाजला.

"गारठा आहे," तो म्हणाला. "मफलर नीट गुंडाळ."