लाईन गेली होती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. ज्याला सांगायला हवं होतं तो दिगंबर मागच्या महिन्यात गेला — चालता-बोलता, हृदयविकारानं. वैजापूरजवळच्या त्याच्या गावी दशक्रियेला भाषणं झाली, आमच्याकडे होतात तशी. कॉलेजातला मित्र आणि आता प्राध्यापक म्हणून माझंही नाव पुकारलं. मी बोललो. त्याच्या कष्टांबद्दल, हसऱ्या स्वभावाबद्दल. लोक म्हणाले, सर छान बोलले. तेव्हापासून मला धड वाचता येत नाही. पुस्तक उघडतो, तासभर पान तेच राहतं.

कुठून सुरुवात करू? दुष्काळापासून करतो. ते सोपं आहे, त्यात माझा दोष नाही.

ती लागोपाठ कोरडी गेलेली वर्षं तुम्हाला आठवत असतील. तेव्हाच्या औरंगाबादेत नळाला पाणी कधी येईल याचा नेम नव्हता, आणि त्याच वेळी हर्सूलच्या पुढे सावंगीकडे शेतं मोडून प्लॉट पडत होते. पाण्याचा पत्ता नसलेल्या इमारतींवर पाट्या लागत होत्या — पार्किंग, जिम, चोवीस तास नेट. दिगंबर आणि मी एकाच वर्गात इंजिनियर झालो. मी शिकवायला लागलो, म्हणून तो मला मास्तर म्हणायचा. त्यानं वैजापूरकडच्या गावांत नेट पुरवायचा धंदा काढला. टेकाडांवर लोखंडी टॉवर, शाळांच्या गच्चीवर अँटेना, खाली बॅटऱ्यांची पेटी. ते सगळं सांभाळायला आसिफ, पहिल्या दिवसापासून सोबत असलेला. ‘वीज जाऊ दे न्हाय तर ऱ्हाऊ दे, आपलं नेट झोपत नाय,’ असं दिगंबर येईल त्याला सांगायचा.

माझा अभ्यास नेटचाच होता — खेड्यांतलं नेट किती वेळा बंद पडतं आणि का. दिगंबरच्या गिऱ्हाइकांपैकी काही घरांत मी बिस्किटाच्या पुड्याएवढी एक डबी बसवली. ती घरच्या विजेवर चालायची आणि थोड्या थोड्या वेळानं माझ्या कॉलेजातल्या संगणकाला ‘मी आहे’ असं कळवायची. डबी गप्प झाली की त्या गावात नेट बंद, असं मी धरायचो. घरंही दिगंबरनंच मिळवून दिली. ‘आमचा मास्तर हाय, ठिवू द्या,’ एवढ्या शब्दावर लोकांनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून मला खिळा रिकामा करून दिला.

डब्या गप्प व्हायला लागल्या. दुष्काळ वाढला तसं ते वाढतच गेलं. खात्री करायची म्हणून मी त्या घरांना फोन करायचो. काल दुपारी लाईन गेली होती का? ‘व्हय सर, लई वेळ गेली होती लाईन.’ झालं. डबी सांगते, माणूसही सांगतो — अभ्यासाला याहून काय हवं असतं? मी निष्कर्ष लिहून टाकला : लहान ऑपरेटरचं जाळं दुष्काळाच्या ताणात टिकत नाही.

ज्या परिषदेत हा निबंध आणि त्यातला आलेख मांडायचा होता ती आठवड्यावर आली, तेव्हा मी डब्या गोळा करायला गेलो. एका घरी काकू चहा टाकत होत्या. डोक्यावरचा पंखा थांबला.

‘गेली बघा मेली लाईन,’ त्या म्हणाल्या. ‘आता कवा येती कुणास ठाऊक. सगळे एकदमच बोअरच्या मोटारी लावत्यात, डीपी जळतो, अन् मग बसा अंधारात.’

मी भिंतीकडे पाहिलं. डबीचा हिरवा दिवा विझला होता.

आमच्या घरात, पिढ्यानपिढ्या कारकुनी केलेल्या शहरातल्या घरात, वीज जाते तेव्हा ‘लाईट’ जाते. लाईन म्हणजे फोन, नेट, तार. तिकडे लाईन म्हणजेच वीज. एकाच जिल्ह्यात जन्म काढून मला हे — पण असो. मी दारात आलो. समोरच्या शाळेच्या गच्चीवर दिगंबरची अँटेना होती, आणि तिच्या पेटीवरचे दिवे बॅटरीवर व्यवस्थित लुकलुकत होते. नेट चालू होतं. गप्प होती ती माझी डबी. वीज गेली म्हणून. मी चहा घेतला, बरा झालाय म्हणालो आणि डबी पिशवीत टाकून निघालो.

इथपर्यंतची चूक ही चूक होती. कुणाचीही होऊ शकते. मी सांगतोय ते पुढचं आहे.

परिषद जालना रोडवरच्या एका हॉटेलात होती. नेट पुरवणाऱ्यांचा मेळावा — मोठ्या कंपन्यांचे साहेब, गावोगावचे केबलवाले. आम्हा अभ्यासकांना तिथे कुणी फारसं विचारत नाही. यांना कधी खांबावर चढताना पाहिलंय का, असं ते उघड म्हणतात. मला व्यासपीठ मिळालं ते दिगंबर आयोजकांच्या मागे लागला म्हणून. तो पहिल्याच रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. शेजारी आसिफ. मी त्याचं नाव कुठे घेतलं नव्हतं. ‘ऑपरेटर क’ असं लिहिलं होतं. पण त्या गावांत दुसरा होता कोण?

आलेख मागे घेता आला असता. मोजणीत दोष निघाला, एवढं एक वाक्य पुरलं असतं. का नाही म्हटलं? माझी बढती त्या निबंधावर अडली होती — ते होतंच. पण त्याहून मोठं कारण लहान होतं. त्या खांबावर चढणाऱ्या माणसांसमोर, मला ‘लाईन’ हा शब्द कळला नाही, असं सांगायची लाज वाटली. बस. एवढ्याशा लाजेपायी.

प्रश्नांची वेळ आली तसा दिगंबर उठला. हसतच. ‘मास्तर, तुझ्या त्या डबीला करंट होता का पण तवा? न्हाय, आमच्याकडं लाईन गेली म्हंजी—’

‘ओ भाऊ,’ मागून कुणीतरी ओरडलं, ‘गिऱ्हाईक बोंबललं की आपण पण लाईटवरच ढकलतो की!’

सगळं सभागृह हसलं. दिगंबरही हसला आणि वाक्य पुरं करायला थांबला. त्या वाक्यात पुढे काय आहे ते मला माहीत होतं. मी माइक जवळ ओढला आणि म्हणालो, ‘प्रत्येक घराला फोन करून खात्री करून घेतलेली आहे.’

शब्द न् शब्द खरा होता. याहून खोटं मी आयुष्यात काही बोललेलो नाही.

त्यानं ते वाक्य तसंच सोडलं. मग ‘बरं बरं’ म्हणून खाली बसला. टाळ्या झाल्या.

सावंगीच्या नव्या वसाहतींचं काम त्याला मिळायच्या बेतात होतं. तिथल्या बिल्डरचा माणूस सभागृहातच होता. काम दुसऱ्याला गेलं. पण मला जास्त छळतं ते वेगळंच — दिगंबरनं माझं खरं मानलं. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझ्या आलेखावर विश्वास ठेवला. ‘तू मोजलंय म्हंजी कुठंतरी गडबड आसंल आमचीच,’ असं मला म्हणाला, कॉलेजच्या कँटीनमध्ये बसून. नसलेला दोष तो वर्षभर शोधत राहिला. अँटेना बदलल्या, बॅटऱ्या बदलल्या. दोष सापडेना, तेव्हा त्याला आसिफचा संशय आला — हा पेटी बंद ठेवून झोपा काढत असणार. त्यानं आसिफला काढून टाकलं. हेही मला त्यानंच सांगितलं, आणि सांगताना त्याचे डोळे भरले. मी काय केलं? दुसरा चहा मागवला.

पुढे त्यानं सगळं जाळं एका मोठ्या कंपनीला विकलं आणि तिच्याचकडे नोकरीला लागला. मी प्राध्यापक झालो. वर्गात मी मुलांना अजून शिकवतो — आकड्यांशी प्रामाणिक राहा.

दशक्रियेला आसिफ आला होता. दाढी पिकलेली. माझं भाषण झाल्यावर तो बाजूला येऊन उभा राहिला, मी मोकळा होईपर्यंत थांबला.

‘सर, भाई तो गए,’ तो म्हणाला. ‘अब मेरेकु एक बात बताओ. हमारे काम में गलती क्या थी?’

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी म्हणालो, ‘जाने दो आसिफभाई. पुरानी बात हो गई.’ आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तोही ठेवला मी. त्यानं मान हलवली आणि पंगतीसाठी पाण्याचे जार उचलायला गेला.

त्याच्या कामात गलती नव्हती. दिगंबरच्याही नव्हती. परिषदेच्या आधीपासून मला हे माहीत होतं, आणि आसिफनं विचारलं तेव्हाही माहीत होतं.