माझं मौनव्रत

फुप्फुसं कडक होत चाललीत, असं ठाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हापासून डोंबिवलीत मला दोनच प्रश्न विचारतात. "टीबी नाही ना?" आणि, आवाज खाली आणून, "मिस्टर सिगरेट ओढायचे का?" आमच्या ह्यांनी, देव त्यांना शांती देवो, उभ्या जन्मात उदबत्तीखेरीज काही पेटवलं नाही.

लेकीला बघायला कल्याणची मंडळी येणार ठरलं, तेव्हा थोरल्या जाऊबाई सकाळीच हजर झाल्या. "तू बोललीस की धाप लागते. आजार रक्तातच आहे म्हणतील, मुलीचं जमायचं नाही. त्यापेक्षा आज तुझं मौनव्रत!" माझी ऑक्सिजनची नळी काढली. मशीन बेडरूममध्ये ढकललं, वर जुनी साडी टाकली. लेक चिडली, पण तिच्याचसाठी म्हणून मीच तिला गप्प केलं.

व्रत ऐकून मुलाची आई गहिवरली. मुलाला माझ्या पाया पडायला लावलं.

"कधी असतं हो?"

"दर गुरुवारी," जाऊबाई म्हणाल्या. त्या दिवशी रविवार होता.

"चेहऱ्यावर तेज बघा किती!"

तेज कसलं, माझा जीव गळ्याशी आला होता. तेवढ्यात लाइट गेली आणि घाईत बंद करायचं राहिलेल्या मशीनचा अलार्म आतून किंचाळायला लागला.

"फ्रीज आहे," जाऊबाई म्हणाल्या.

"बेडरूममध्ये?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

मला हसू फुटलं. हसण्याचा खोकला झाला, तो थांबेना. लेकीने पोह्यांचा ट्रे खाली ठेवला, आतून छोटा सिलिंडर आणला आणि सगळ्यांसमोर माझ्या नाकाला नळी लावली.

"आईला फुप्फुसांचा आजार आहे. व्रतबित काही नाही. काय विचारायचंय ते तिलाच विचारा."

मीच म्हणाले, "पोहे... घ्या ना... गार होतायत."

चार दिवसांनी नकार आला. मुलगी फटकळ आहे म्हणे. माझ्या आजाराचं अवाक्षर नाही! तरी मला रडू कोसळलं. माझ्यापायी तिचं स्थळ गेलं.

लेक नळी सरळ करत म्हणाली, "ज्यांच्यासमोर तुला दम लपवून बसावं लागतं, त्यांच्याकडे मी काय नांदणार होते गं?"

येत्या रविवारी बदलापूरचे येणार आहेत. जुनी साडी कपाटात गेली. मशीन हॉलमध्ये आहे, पाहुण्यांच्या खुर्चीशेजारी.