दस्त्यावरचं कुंकू

आखातात, अल मनखूल भागातल्या मराठी मंडळींत रामेश्वर खानविलकरला सगळे ‘बंदूकवाले’ म्हणतात, आणि या गृहस्थाच्या घरात साधं टिकल्यांचं पिस्तूलसुद्धा नाही. पोटापाण्याला लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत सुपरवायझरकी. नाद मात्र जुन्या अमेरिकन शॉटगनांचा, म्हणजे शंभरेक वर्षांपूर्वीच्या, छऱ्यांच्या दुनळी बंदुकांचा. तरुणपणी रुवैसच्या रिफायनरीत असताना एका अमेरिकन साहेबाने टाकून दिलेली मासिकं त्याच्या हाती लागली आणि तिथेच माणूस कामातून गेला.

परवाना नाही, ऐपत नाही, तेव्हा त्याने दुसऱ्यांच्या बंदुकांवर जीव लावला. जुमेराच्या नबिलाबाई या साठीच्या एमिराती बाई. त्यांच्या वडिलांना तेलाच्या शोधात आलेल्या एका इंजिनियरने जाताना आपली पार्कर कंपनीची दुनळी भेट दिली होती. ती आता रीतसर कागदांसह बाईंच्या कुलूपबंद कपाटात असते. दर शनिवारी संध्याकाळी बाईंच्या मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीच्या खोलीत, असले शौकीन जमतात. कोणी आपली बंदूक आणतो, कोणी नुसतंच ज्ञान. रामेश्वर ज्ञान न्यायचा. त्याच्या मोबदल्यात बाई ती पार्कर घटकाभर त्याच्या मांडीवर ठेवत. त्या घटकेसाठी तो आठवडाभर जगायचा. खोटं वाटत असेल तर त्याच्या बायकोला, सत्यभामावहिनींना विचारा.

या मंडळींचा एक नियम मोठा कडक. जुन्या बंदुकीला घासायचं नाही, खरवडायचं नाही, पॉलिशचं तर नावही काढायचं नाही. लाकूड झिजलं, रंग उडाला, तर तीच तिची शोभा. आणि या नियमाचा सर्वांत कडवा पहारेकरी कोण, तर बिनबंदुकीचा रामेश्वर! बाईंचा भाचा अफनान, चांगला तिशीचा बाप्या, एकदा हौसेने आपली बंदूक चकचकीत करून घेऊन आला. रामेश्वरने त्याला भर बैठकीत धारेवर धरलं.

“अफनान, ये बंदूक है या बर्तन? घासघासके खलास कर दिया!”

बिचारा त्या दिवशी कॉफी न पिताच उठून गेला.

त्या वर्षी खंडेनवमी शनिवारी आली. अल क्वोजच्या वर्कशॉपमध्ये रामेश्वरच्या हाताखालच्या माणसांनी पाने, ड्रिल मशीन, दोर-कप्प्या पुसून मांडल्या. मीना बाजारातून आणलेला झेंडू वाहिला, हळदकुंकू लावलं, पेढे वाटले. निघताना दगडू फिटरने ओल्या कुंकवाची डबी रामेश्वरच्या खिशात कोंबली.

“सायेब, घरातल्या हत्यारांना पण लावा. विळीला तरी लावा.”

रामेश्वर तिथून तडक मजलिसला गेला. अजून कोणी आलं नव्हतं. बाईंनी रीतीप्रमाणे बंदूक उघडून, दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे दाखवून त्याच्या मांडीवर दिली आणि त्या कॉफी सांगायला आत गेल्या.

समोर हत्यार, दिवस खंडेनवमीचा, खिशात कुंकू. आता सांगा, कुठल्या मराठी माणसाचा हात थांबेल? रामेश्वरचाही थांबला नाही. त्याने लाकडी दस्त्याच्या टोकाशी कुंकवाचं बोट टेकवलं, डोळे मिटून हात जोडले. मोठं भरून आलं त्याला.

डोळे उघडले तेव्हा तोंडचं पाणी पळालं. शंभर वर्षं कोरडं पडलेलं ते अक्रोडाचं लाकूड लाल पाणी घटाघटा पीत होतं. टिळ्याचा बघता बघता दिरहमच्या नाण्याएवढा डाग झाला. रामेश्वरने रुमाल काढला आणि हात हवेतच राहिला. घासायचं कसं? घासणं हा गुन्हा, आणि कायदा तर त्याचाच! तेवढ्यात पावलं वाजली. त्याने डागाची बाजू खाली करून बंदूक समोरच्या बनातीच्या कापडावर ठेवली आणि चोरासारखा बसून कॉफी प्यायला.

पुढच्याच महिन्यात शौकिनांचं वार्षिक प्रदर्शन होतं. कोणी हात न लावलेल्या, जशी होती तशीच राहिलेल्या बंदुकीला तिथे बक्षीस असतं, आणि बाई पार्कर मांडणार होत्या. पण रामेश्वरला काळजी बक्षिसाची नव्हती. बाई आता ती आपल्या हातात पुन्हा कधी देणार नाहीत, याची त्याला धास्ती होती. दुसरी बंदूक त्याच्या आयुष्यात नव्हतीच.

घरी त्याचा चेहरा बघून सत्यभामावहिनींनी सगळं काढून घेतलं.

“अहो, लिंबू चोळा. जातो डाग.”

“चोळा? अगं, चोळायचं असतं तर रडलो कशाला असतो!”

मिहिकाने, त्यांच्या कॉलेजातल्या मुलीने, मोबाइलवरून मान वर केली. “बाबा, जस्ट टेल हर ना. व्हॉट्स द वर्स्ट?”

“वर्स्ट म्हणजे माझा शनिवार जाईल, बाळा.”

पुढच्या शनिवारी तो सगळ्यांच्या आधी पोचला. पाहतो तर अफनान आधीच बसलेला. आता याच्यादेखत शोभा! पण रामेश्वर उभ्याउभ्याच बोलून मोकळा झाला. खंडेनवमी काय, हत्यारांना मान का देतात, कुंकू कुठून आलं, सगळं हिंदीत, मध्येच मराठीत, आणि शेवटी “माफ कर दो मॅडम”.

नबिलाबाईंनी चष्मा लावला, दस्ता उजेडात धरला.

“मैंने उसी शाम देखा था, रामेश. कपाट में रखते टाइम.”

रामेश्वरला बसायला जागा सापडेना.

“मैं बस देख रही थी, तुम घिसने आते हो या बोलने आते हो.”

“अंकल,” अफनान गोड हसून म्हणाला, “बर्तन धोना है तो मैं साबुन लाऊँ?” आठ महिने जपून ठेवलेलं होतं त्याने हे. यावर रामेश्वरही हसला.

बाईंनी डागाचा विषय तिथेच मिटवला. दल्ल्यातून, म्हणजे चोचीच्या अरबी किटलीतून, कॉफी आली. पण त्या दिवशी पार्कर त्याच्या मांडीवर आली नाही, त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही, आणि रामेश्वर काय समजायचं ते समजला.

प्रदर्शनाच्या दिवशी तो दाराशीच घुटमळत होता. परीक्षकांनी पार्कर हातात घेतली, उलटसुलट केली, लाल डागावर बोट ठेवलं. हा ताजा दिसतो, म्हणाले. बाईंनी बंदूक त्यांच्या हातातून घेतली आणि एकेक खूण दाखवू लागल्या.

“ये जला हुआ, मेरे बाबा की कॉफी की दल्ला से. ये खरोंच उनके बाज़ की है, नाखून मारा था. ये दाँत का निशान मेरा है, मैं दो साल की थी.” मग बोट लाल डागावर आलं. “और ये रामेश का है. वो खड़ा है उधर.”

सगळे वळून बघायला लागले. रामेश्वरने गडबडीत सलामही केला आणि नमस्कारही केला.

बक्षीस दुसऱ्याच बंदुकीला गेलं. बाईंनी खांदे उडवले, पार्कर उघडली, नळ्या रिकाम्या दाखवल्या आणि भर गर्दीत ती रामेश्वरच्या हातात दिली.

“पकड़ो. मैं बिर्याणी देखके आती हूँ.”

ही गोष्ट गेल्या वर्षीची. यंदा नवरात्र बसलं त्या सकाळी रामेश्वर वर्कशॉपमध्ये असताना बाईंचा फोन आला.

“रामेश, वो लाल वाला त्योहार कब है? आना. उसी जगह पे लगाना, दूसरी जगह नहीं. और हबीबी, इस बार सूखा लाना.”