काठ कशाचा?

वडिलांनी लावलेल्या सुरुंगाने विहिरीचा काठ ढासळून मजूर जखमी झाला, म्हणून त्यांच्यावर नगरच्या कोर्टात खटला होता. शिक्षा झाली असती तर माझं कॉलेज सुटलं असतं. आमच्या बाजूने साक्षीला विहिरी खोदणारे एक अनोळखी म्हातारबा आले.

सरकारी वकिलांनी विचारलं, "समजा, सुरुंग निम्माच भरला असता, तर काठ टिकला असता ना?"

त्यांनी तळहात धोतराला पुसले. "तुमच्या 'समजा'त काठ खडकाचा हाय का मुरमाचा?"

"हो की नाही, एवढंच सांगा."

"मग न्हाई. मी हिरीत उतरून बघितलंय. भेगाळलेला मुरूम हाय, सुरुंगाबिगर बी ढासळला असता."

वडील सुटले. म्हातारबांचं नाव विचारायचं राहिलं. आता वर्गात सर "समजा" म्हणाले, की मी अडखळत उभा राहतो आणि आधी काठ कशाचा, म्हणजे त्या 'समजा'त नेमकं काय धरलंय, ते विचारतो.