टाकी, पूल आणि एकेचाळीस फोटो

दोन हजार चार साली माझे सासरे अकोल्याहून आमच्याकडे अमेरिकेत, अल्फारेटाला आले. त्यांना ना मॉल बघायचा होता, ना मत्स्यालय. "जावईबापू, मला एक खेडं दाखवा. पाण्याची टाकी, पूल, चर्च, सगळ्याचे फोटो काढून नेऊ."

बाबांची चौतीस वर्षं बांधकाम खात्यात गेली होती. माप घेतल्याशिवाय ते कशालाही पाहिलं असं म्हणत नसत. अमेरिकेला येताना सुटकेसमध्ये भाजणीच्या पिठाशेजारी त्यांनी पंधरा मीटरची टेप आणली होती.

बायकोने निघताना मला दारात गाठलं. "फिरवून आण, पण कुठे लफडं नको हं. आपली फाइल कुठे आहे माहीत आहे ना?"

माहीत नसायला काय झालं? आमचा ग्रीन कार्डचा अर्ज पार्श्वभूमीच्या तपासणीत अडकला होता. वकिलीणबाईंनी बजावलं होतं, कागद हातात येईपर्यंत पोलिसांच्या वहीत नाव जाता कामा नये. तेव्हापासून रस्त्यात पोलिसांची गाडी दिसली की मी सीटबेल्ट बांधलेला असूनही तो चाचपून बघत असे.

तासाभरावर एक खेडं सापडलं. पांढरं चर्च, बंद पडलेलं कापसाचं जिनिंग, उंच पायांवर उभी टाकी आणि ओढ्यावर छपराचा लाकडी पूल. बाबा हरखले. मी टेपचं एक टोक धरायचं, त्यांनी दुसरं धरून चालत जायचं, आकडा वहीत मराठीत टिपायचा आणि मग फोटो. फोटोत मापासाठी माणूस हवा, म्हणून टाकीच्या प्रत्येक पायाला मला खेटून उभं केलं. समोरच्या घरातला पडदा दोनदा हलला.

"बाबा, पुरे आता. निघू या."

"अहो, पुलाचे खांब राहिलेत!"

पुलाचे खांब! दोन सावळे पुरुष, एक टेप, पाण्याच्या टाकीचे बारा फोटो आणि कुणालाही न वाचता येणाऱ्या लिपीतली मापं. माझ्या डोळ्यांसमोर आमची फाइल एका टेबलावरून अलगद उचलून भलत्याच टेबलावर जाताना दिसली. "इकडे द्या, मी बघतो," म्हणून मी कॅमेरा माझ्याकडे घेतला. आणि तेवढ्यात चर्चच्या कोपऱ्यावरून पोलिसांची गाडी वळली.

माझ्या अंगठ्याने पुढचं काम माझ्या परवानगीशिवाय केलं. कॅमेऱ्याने विचारलं, सगळे पुसायचे? मी म्हटलं, हो. एकेचाळीस फोटो गेले. गाडीचं दार उघडेपर्यंत मी इतका निष्पाप दिसत होतो की कुणीही मला तिथेच अटक केली असती.

"एका बाईंचा फोन आला होता," पोलीस शांतपणे म्हणाला. "काय चाललंय?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा पुढे झाले आणि सरकारी इंग्रजीत म्हणाले, "सर, वुई आर डुइंग इन्स्पेक्शन!"

मी डोळे मिटले.

"म्हणजे फोटो काढतोय," मी घाईघाईने म्हटलं. "हे सासरे आहेत. पाहुणे."

"बघू शकतो?"

"शो हिम!" बाबा आनंदाने ओरडले. "जावईबापू, पूल दाखवा त्याला! टाकी दाखवा!"

मी कॅमेरा पुढे केला. पडदा काळा. एकही फोटो नाही.

"किती वेळ झाला इथे येऊन?"

"दीड तास," बाबांनी सांगितलं. तेही काटेकोरपणे.

"दीड तासात एकही नाही?"

आता कुठलंही खोटं खरं वाटलं नसतं. "तुमची गाडी पाहिली आणि मी पुसले," मी म्हणालो. "आमची ग्रीन कार्डची केस चालू आहे. भीती वाटली." मग हेच मराठीत बाबांना सांगावं लागलं. ते जास्त अवघड गेलं.

पोलीस माझं लायसन्स घेऊन गाडीत जाऊन बसला आणि रेडिओवर बोलू लागला. बाबा माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनी टेप सावकाश गुंडाळली. "एवढी भीती," ते हळूच म्हणाले, "आणि फोनवर तर म्हणता, मजेत आहोत."

पोलीस आला. लायसन्स परत दिलं. "पूल आहे. कुणीही फोटो काढू शकतं," म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला. गाडी मात्र हलवली नाही.

"चला बाबा."

"थांबा. त्याने काढा म्हटलंय ना?" त्यांनी कॅमेरा माझ्या हातातून घेतला. "उभे राहा खांबापाशी."

"बाबा, प्लीज, तो बघतोय!"

"बघू दे. त्याला दिसू दे आपण काय करतो ते."

आणि मी उभा राहिलो. पहिला खांब, दुसरा, तिसरा. प्रत्येक क्लिकला माझी नजर काचेमागच्या त्या टोपीकडे जायची आणि बाबा म्हणायचे, "तिकडे नाही, इकडे बघा." ते पुन्हा पूर्ण एकेचाळीस काढणार होते, हे मला पाचव्याला कळलं.