माफ कुणी करायचं

माझी बायको वारली तेव्हा मी घरी नव्हतो. सुप्याला वैद्यांना आणायला गेलो होतो. वैद्य स्वतःच तापानं अंथरुणाला खिळलेले. त्यांच्या मुलीनं दारातूनच काढ्याची पुडी दिली. ती घेऊन चालत परत आलो तोवर दुपार कलली होती, आणि माझ्या झोपडीच्या दारात आमचा म्हातारा गाडीवान उभा होता. त्यानं नुसती मान हलवली. मी पुडी खुंटीला अडकवली आणि पाय धुतले. तेव्हा तुला काय वाटलं, असं पुढं पुष्कळांनी विचारलं. काही वाटलं नाही. पाय चिखलानं भरले होते, ते धुतले.

मी मूळचा खानापूरकडचा. काळी नदीच्या काठी लाकडाचा डेपो होता, तिथं ओंडके मोजायच्या कामावर होतो. ओंडक्याला फीत लावायची, माप लिहायचं, हातोड्यानं शिक्का मारायचा. त्या साली भात पिकायला आलं आणि तापाची साथ आली. डोंगरातल्या कुणब्यांनी आपल्या गावांच्या वाटा काटे टाकून बंद केल्या. डेपोवरचे बहुतेक मजूर पळाले. राहिलो मी, बायको, हल्याळकडचा मुसलमान गाडीवान, त्याचा आजारी धाकटा भाऊ आणि गोव्याहून आलेला एक किरिस्ताव करवतकार. करवतकाराची झोपडी माझ्या झोपडीला लागून होती. मध्ये एक कुडाची भिंत.

बायकोला उचलायला चार माणसं नव्हती. गाडीवान म्हणाला, "आमी हात लावलेला चालंल न्हवं?"

"चालंल," मी म्हटलं.

तिला गाडीतूनच नदीवर नेलं. सागवान सरकारी, म्हणून किंजळीची लाकडं घेतली. करवतकारानं ती कापून दिली. तो खाली मान घालून कापत होता, एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. चिता रचताना माझ्या मनात लाकडाचं माप चाललं होतं. लांबी, घेर. मी अग्नी दिला तेव्हा ते दोघं लांब उभे होते. गाडीवानानं डोक्याचं फडकं नीट बांधलं, करवतकारानं सोडलं. त्याच्या धर्मात डोकं उघडं करतात आणि गाडीवानाच्या धर्मात झाकतात, हे मी त्या दिवशी पाहिलं. आणखी काही त्या वेळचं आठवत नाही.

चौथ्या दिवशी गाडीवानाचा भाऊ गेला. मी पाणी ओढून दिलं, त्यानं भावाला धुतलं. उजवी बाजू आधी, मग डावी. हलक्या हातानं, जणू दुखेल. कफनाला कापड नव्हतं. बायकोचं एक पांढरं लुगडं पेटीत होतं, ते मी दिलं. खड्डा करवतकारानं आणि मी खणला. आभाळ भरून आलेलं, ऊन नव्हतं. गाडीवानानं विचारलं, "पश्चिम कुठं? तोंड तिकडं पायजे." डेपोच्या कचेरीचं दार पूर्वेला होतं, त्यावरून मी दिशा दाखवली.

नमाजाला तो एकटाच. तो म्हणाला, "तुमी मागं ऱ्हावा. तुमाला म्हणायचं काय न्हाई. मला एकल्याला बरं वाटंना." आम्ही मागं उभे राहिलो. मला वाटलं होतं तो गुडघे टेकेल, वाकेल. मेलेल्याच्या नमाजात वाकणं नसतं. उभ्यानंच सुरू झाली आणि उभ्यानंच संपली. आमच्यात अग्नी, अस्थी, दहावा, तेरावा, किती दिवस चालतं. त्याचं जेवणवेळेच्या आत झालं. आणि तो बैलांना पाणी दाखवायला गेला.

मग करवतकार पडला. दोन दिवस मी आणि गाडीवान आळीपाळीनं त्याच्यापाशी बसलो. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मला जवळ बोलावलं.

"मला कुमसार करायचा हाय," तो म्हणाला. मरायच्या आधी आपलं पाप पाद्रीपाशी बोलून टाकायचं, त्याला ते लोक कुमसार म्हणतात.

"पाद्रीला आणायला दोन दिवस लागतील," मी म्हटलं.

"म्हणून तू आयक. तुझंच हाय."

त्यानं डोळे मिटले. मग एका दमात बोलला.

"तू सुप्याला गेलास त्या दिसा वयनी पाणी मागत होती. भिंतीपलीकडून. माझं नाव घेऊन. लय वेळ मागत होती. मी गेलो न्हाय. मनात म्हटलं, ही लोकं माझ्या हातचं पीत न्हायत, मी कसं देऊ? पण ते खोटं. मला तापाचं भय वाटलं. मग ती गप झाली."

"बरं," मी म्हटलं.

"काय तरी बोल."

मी त्याच्या कपाळावरचं फडकं काढलं, पिळलं आणि परत ठेवलं. ते हात माझे नसल्यासारखे वाटले.

तो मेला नाही. पाचव्या दिवशी ताप उतरला, आठवड्यानं उठून बसला. आता आम्ही दोघं त्याच भिंतीच्या दोन बाजूंना राहत होतो. तो खोकला की मला ऐकू यायचं.

मी ही गोष्ट गाडीवानाला सांगितली. तो नदीवर बैल धूत होता. हातातला गवताचा बोळा थांबवून त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"चाचा, तुमच्यात अशाला काय करतात?"

"अल्लाचा गुन्हा केला तर अल्ला माफ करंल," तो म्हणाला. "माणसाचा गुन्हा केला तर ज्याचा केला त्यानंच माफ करायचं. त्यात अल्लाबी मधी पडत न्हाई, असं आमचे मौलवी सांगायचे."

"आणि ते माणूस मेलं असलं तर?"

"मग कयामतीला दोघं समोरासमोर हुबी ऱ्हातील. तवा ती काय म्हणंल ते खरं. तुमच्यात काय हाय?"

"आमच्यात ज्याचं त्यानं भोगायचं. या जन्मी न्हाईतर पुढल्या."

"म्हंजे तिनं माफ केलं तरीबी?"

"व्हय, मला वाटतं तरीबी."

तो परत बैलाची पाठ घासू लागला. मग म्हणाला, "लय कठीण हाय तुमचं. पर एक चांगलं हाय. तुमच्या धर्मापरमाणं ती आता कुठंतरी परत जल्मली आसंल. कुणीतरी तिला पाणी पाजत आसंल."

मी मान हलवली. हे मला रडवायला पुरेसं होतं हे आज कळतं. त्या दिवशी मी मान हलवली आणि डेपोवर गेलो.

साथ ओसरल्यावर सुप्याला जाऊन भटजींना विचारलं. माणूस तहानेनं गेलं तर काय करावं एवढंच विचारलं, पाणी कुणी दिलं नाही ते सांगितलं नाही. ते म्हणाले, वर्षभर तिच्या नावानं पाण्याचा घडा दान द्या. रोज जमत नसेल तर महिन्याला द्या. मी दर महिन्याला जाऊन देवळात घडा ठेवून येऊ लागलो. घडा भरताना ती प्यायली असं मनात आणायचा प्रयत्न करायचो. घडा जड असायचा, वाट चढाची होती, तेवढंच लक्षात राहायचं.

नाताळाच्या सुमारास रेल्वे ठेसनाकडच्या वस्तीत पाद्री आला. करवतकार चालत गेला आणि तिसऱ्या दिवशी परत आला. मी ओंडके मोजत होतो. तो समोर येऊन उभा राहिला. दाढी केली होती. चेहरा हलका दिसत होता, आणि त्याचा मला राग आला. त्या सगळ्या महिन्यांत मला जे काही पहिल्यांदा वाटलं ते हेच.

"पाद्रीनं माफ केलं," तो म्हणाला. "जपमाळ सांगितली हाय, ती करतो. पण म्हणाला, त्या माणसाकडं जा."

"ही फीत धर," मी म्हटलं.

त्यानं फितीचं टोक धरलं. रास मोठी होती. दिवसभर तो टोक धरायचा, मी माप लिहायचो. संध्याकाळी त्यानं विचारलं, "मग?"

"उद्या ये."

तो दुसऱ्या दिवशी आला. पुढचे दोन महिने, आपलं करवतीचं काम नसेल तेव्हा, तो येत राहिला. आम्ही मापाखेरीज काही बोललो नाही. शिमग्याला त्याच्या गावाहून निरोप आला, आई थकली होती. त्यानं करवत आणि अंथरूण बांधलं आणि माझ्याकडे आला. मी म्हटलं, "सांभाळून जा. घाटात वाट खराब हाय." तो वाट बघत उभा राहिला. मग गेला. त्याला हवा होता तो शब्द मी दिला नाही. अडवून धरला असंही नाही. तो माझ्यापाशी नव्हताच.

गाडीवान त्यानंतर बरीच वर्षं माझ्याबरोबर होता. एकदा बोलता बोलता म्हणाला, भावासाठी दुवा मागतो तेव्हा तुमच्या बायकोसाठीबी मागतो.

"तुमच्यात चालतं काय ते?" मी विचारलं.

"ठावं न्हाई," तो म्हणाला. "मौलवीला इचारलं न्हाई. नको म्हणाला तर काय करू?"

आणि त्यानं बैल जुपले.