गळ्यातल्या गाठीची केस

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कुठला चोर कुठल्या ठाण्यात धरला हेही नीट आठवत नाही. सुप्याची ही एक मात्र पहिल्या दिवसापासून शेवटच्या कागदापर्यंत डोळ्यांपुढे आहे. ती विसरावी असे मी पुष्कळदा ठरवले, जमले नाही.

पहिले महायुद्ध संपून काही वर्षे झाली होती. मी कारवारकडच्या जंगलातल्या सुपा ठाण्याचा फौजदार होतो. ठाणे म्हणजे तीन कौलारू खोल्या आणि मागे कोठडी. कोठडीत बहुधा सागवान चोरणारे असत. हाताखाली एक जमादार आणि सहा शिपाई, त्यांतले दोघे कायम हिवतापाने अंथरुणात. मारामाऱ्या, लाकूडचोरी, कोंडवाड्यात घातलेल्या गुरांवरून तंटे, एवढ्यावर आमचा रोजनामचा भरे.

वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, माझ्याजवळ राहत. खानापूरकडच्या खेड्यांत त्यांनी आयुष्यभर मुले शिकवली. आई गेल्यावर ते खचले. घरापासून नदी हाकेच्या अंतरावर, पण तिथवर जायचे त्राण उरले नव्हते. ओसरीवर बसून ते म्हणत, "पाणी दिसतं, पण पाय म्हणतात बस."

सुगी आटोपल्यावर एके सकाळी कुंभारवाडा गावाकडच्या एका वाडीचा गावकर ठाण्यावर आला. गावकर म्हणजे देवस्थानाचा पहिला मानकरी. म्हातारा आदल्या दिवशी घरून निघून चालत आला होता. त्याची तक्रार अशी की, देवीला दिलेल्या बकऱ्याचे मुंडके मानेसकट त्याच्या घरी यायचे, आणि ते यंदा धड येत नव्हते.

"आज्ज्याच्या आज्ज्यापासनं आमचा हक्क हाय, सायेब. औंदा तीन येळा बकरं पडलं आणि तीनी येळा गळा फोडलेला. आतलं कायतरी कोणतरी काढून घेतंय."

जमादार हसू दाबत म्हणाला, "मुंडकं शिजवून खाल्लंस न्हवं? मग गळ्याचं काय घेऊन बसलास?"

"खाल्लं. पर हक्क मोडला त्याचं काय?"

मी रोजनामच्यात 'मानपानाचा तंटा, दखलपात्र नाही' असे लिहिले आणि त्याला वाटेला लावले. क्षुल्लक तक्रार घेऊन दिवसभर चालत येणारा माणूस क्षुल्लक नसतो, एवढे मला दहा वर्षांच्या नोकरीत कळायला हवे होते.

महिन्याभराने तो पुन्हा आला. या वेळी तक्रार नव्हती, भीती होती. बकरे कापणाऱ्याची म्हातारी आई अचानक गेली होती. वाडीने निकाल लावला होता की, देवीच्या मुंडक्याला हात लागला म्हणून देवी कोपली. त्या माणसाला बायकापोरांसकट वाडीतून काढायचे ठरले होते.

"मी न्हाई म्हणतोय, सायेब. त्यानं माझा हक्क मोडला हे खरं, पर ऐन उन्हाळ्यात पोरंबाळं घेऊन कुठं जाईल त्यो? माझं कोण ऐकत न्हाई. सरकारानं ऐकलं तर बघावं."

म्हातारी कशी गेली ते मी विचारले आणि टाक उचलला.

"आजी चुलीम्होरनं उठत न्हवती बघा. एकाएकी चढावरनं दोन-दोन घागरी आणाय लागली. सुनेच्या म्होरं चालायची. मोप जेवायची, तरी वाळत चालली. थंडीत बी घामानं लुगडं भिजायचं. झोप म्हणून न्हाई. हात थरथरायचे, डोळे भाईर आल्यागत. येक दिस घागर खाली ठेवली, छातीवर हात धरून बसली, ती बसलीच."

'डोळे बाहेर आल्यासारखे' इथवर लिहून माझा टाक थांबला. त्याच सकाळी अण्णांनी चार भाकऱ्या खाऊन पाचवी मागितली होती. बायको आठवडाभर म्हणत होती, "मामंजींचा सदरा किती सैल झालाय बघितलात का?" मी बघितला नव्हता. अण्णा पहाटे उठून नदीवर जाऊन येतात, याच आनंदात मी होतो. दुसऱ्यांच्या घरांची झडती घेणाऱ्याच्या घरात हे चालले होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

अण्णांना औषध चालू होते आणि ते मीच आणले होते. सुप्याच्या बाजारात एक पेन्शनीत निघालेला कंपाउंडर राहत असे. सरकारी दवाखान्यात उमर घालवलेला, स्वच्छ कपड्यांचा, हळू बोलणारा. म्हातारपण वयामुळे नाही, आतल्या रसांच्या आटण्यामुळे येते आणि तो रस बाहेरून देता येतो, असे तो सांगे. मी दुकानात गेलो, वडिलांची स्थिती सांगितली आणि तपकिरी चूर्णाची बाटली घेऊन आलो. रोज सकाळी गुंजभर. तीन आठवड्यांत अण्णा काठीशिवाय उतरणीवरून नदीला गेले. त्या दिवशी मी कंपाउंडरला घरच्या केळींचा एक घड पाठवला होता.

मी जमादाराला घेऊन वाडीवर गेलो. बकरे कापणारा अंगणात बसून होता. शेजारी कोणी फिरकत नव्हते. त्याला दरडावावे लागले नाही.

"कंपौंडरबाबा म्हणाले, गळ्यात नळीला चिकटून दोन गाठी असत्यात, इतर वाड्यांतले बी देत्यात, तू बी आणून दे, तुझ्या आईला औषध देतो. आई उठून चालाय लागली, सायेब. मला वाटलं देवीच पावली."

"आई वाळत चालली ते दिसलं नाही?"

"दिसलं. म्हणून औषध जास्तीच दिलं."

परत येऊन पंचांसमक्ष कंपाउंडरच्या घराची झडती घेतली. मागच्या अंगणात सुपावर मलमलीचे फडके आणि त्याखाली गाठींच्या वाळत घातलेल्या चकत्या. खल, बत्ता, सोनाराचा काटा, भरलेल्या अकरा बाटल्या. भिंतीवर एका विलायती मासिकाचे कात्रण, त्यात आधीचा वाकलेला आणि नंतरचा ताठ असा एकाच म्हाताऱ्याचा दुहेरी फोटो. सगळे मुद्देमालात घेऊन लाखेचे सील केले. घरी जाऊन अण्णांची बाटलीही घेतली आणि ती त्यांतच बारावी म्हणून ठेवली. पंचनाम्यात ती कंपाउंडरच्या घरची झाली.

जबानी मी स्वतः घेतली, जमादार लिहीत होता. लबाड माणूस ठाण्यात आला की आधी पाणी मागतो आणि मग ओळखी सांगतो. याने दोन्ही केले नाही.

"रावसाहेब, मला फसवायचं असतं तर चुना आणि गूळ कालवून दिला असता. बेळगावात तसं विकणारे पुष्कळ आहेत. मी खरं औषध दिलं. विलायतेत मेंढ्याच्या याच गाठीच्या गोळ्या डॉक्टर देतात. विझत आलेली चूल फुंकावी तसं त्यानं अंग पेटतं."

"आणि लाकूड संपलं की?"

"थोडं थोडं दिलं तर संपत नाही. म्हणून गुंजभर."

"कुठल्या बकऱ्याची गुंज? एकाची गाठ वाटाण्याएवढी, एकाची बोराएवढी. कुणात जोर किती, हे तुम्हाला कळतं?"

त्याने मान खाली घातली. "नाही कळत," तो म्हणाला. "ते मापायची सोय इथं नाही." हाच केसमधला निर्णायक कबुलीजबाब होता. ज्याचा जोर अजमावता येत नाही असे जहाल औषध त्याने जाणूनबुजून माणसांच्या पोटात घातले होते. हयगयीने मृत्यू घडवल्याचे कलम लागत होते. मी जमादाराला शब्द न् शब्द घ्यायला सांगितला.

मग कंपाउंडरने मान वर केली. आवाज तसाच हळू होता. "तुमचे अण्णा हल्ली नदीवर जातात ना, रावसाहेब? त्यांची बाटली कोणी नेली?"

जमादाराने कागदावरून टाक उचलला आणि माझ्याकडे पाहिले. "हे घ्यायचं, सायेब?"

"नको," मी म्हणालो.

म्हातारीला वाडीने केव्हाच अग्नी दिला होता. मी सगळे कागद आणि एक बाटली कारवारला सिव्हिल सर्जनकडे पाठवली. त्यांचे उत्तर सरळ होते. प्रेत नाही, तेव्हा मृत्यूचे कारण सांगता येणार नाही. पण हे औषध घेत असलेला जिवंत रोगी आणून दाखवा. तो आधी कसा होता आणि आता कसा आहे, हे सांगणारा विश्वासार्ह साक्षीदार द्या. मग मी कोर्टात मत देईन.

कंपाउंडरच्या इतर गिऱ्हाइकांकडे मी शिपाई धाडले. एकजात सगळ्यांनी नाकारले. काहींना ठाण्याची भीती, काहींना औषध बंद पडण्याची. उरला एकच रोगी, माझ्या ओसरीवर बसलेला, आणि एकच साक्षीदार, मी.

मी अण्णांना विचारले, हे खरे. त्यांचे हात थरथरत होते, पण आवाज शाळेत असावा तसा होता.

"कोर्टात काय सांगू? चार महिने मी माझ्या पायांनी नदीवर गेलो, हा गुन्हा झाला म्हणून?"

"त्यानं एक बाई मेली, अण्णा."

"मीही मरणारच आहे. पण मला कारवारला नेऊन उघडा करून दाखवू नकोस."

मी पुन्हा विचारले नाही. लोकांना वाटेल मुलाने बापाची अब्रू राखली. खरे ते असे की, त्यांनी नकार देताच मला हायसे वाटले. फौजदाराने स्वतः विष विकत घेऊन बापाला चारले, हे भर कोर्टात निघाले असते, आणि माझ्या बढतीचा कागद त्याच महिन्यात बेळगावला गेला होता.

औषध तुटले तसे अण्णा उतरू लागले. आधी नदी सुटली, मग अंगण सुटले. ऐन वैशाखात ते घोंगडी पांघरून बसत. चेहरा सुजला, एकेक शब्द ओढून बोलत. एके दुपारी मी जेवायला आलो तेव्हा त्यांनी मला जवळ बसवले.

"मुद्देमालात बाटल्या आहेत ना अजून?"

"सील केलेल्या आहेत."

"सील तुझंच आहे."

मी जेवण आटोपून ठाण्यावर गेलो. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. आषाढात ते गेले. नदीच्या वाटेवरून आम्ही त्यांना नेले तेव्हा मला एवढेच सुचत होते की, या वाटेने ते हल्लीच स्वतः चालत गेले होते.

पुढच्याच महिन्यात पुराव्याअभावी कंपाउंडर सुटला. कोर्टाच्या हुकुमाप्रमाणे माल नष्ट केला. त्याने बिछाना बांधला आणि लोंढ्याकडे गेला. तिथून आगगाडी पकडून कुठे गेला, हे मी मुद्दाम विचारले नाही.

दिवाळीच्या सुमारास गावकर भेटला. बकरे कापणारा कुटुंबासह वाडी सोडून गेला होता. कुणी म्हणे दांडेलीकडे लाकूडतोडीला, कुणी म्हणे गोव्यात. गावकर रागावलेला नव्हता, फक्त दमलेला होता.

"मी लई सांगून बघितलं. पर लोक म्हणाले, त्या बाबाचं औषध वाईट असतं तर सरकारानं सोडला असता व्हय? म्हंजे देवीचाच कोप."

त्याने जाताना मला रामराम केला, तो मी अजून विसरलो नाही.

दोन वर्षांनी, मला बढती मिळून मी दुसऱ्या ठाण्यात असताना, घाटावरच्या एका फौजदाराचे पत्र आले. त्यांच्या तालुक्यात गावोगाव फिरणाऱ्या एका वृद्ध कंपाउंडरचे चूर्ण घेऊन तिघे म्हातारे दगावले होते. आधी अंगात वारे भरल्यासारखे, मग छातीवर हात. सुप्याच्या केसमध्ये एखाद्या जिवंत रोग्याची पाहणी झाली असल्यास किंवा तसा साक्षीदार माहीत असल्यास कळवावे, तेवढ्यावर आमची केस उभी राहील, असे त्यांनी लिहिले होते.

मी सुप्याहून जबानीची नक्कल मागवली. जमादाराचे अक्षर सुरेख होते. गुंजेचा प्रश्न होता, 'नाही कळत' हे उत्तर होते, आणि त्याखाली लगेच आरोपीचा अंगठा होता. सही करता येणाऱ्या माणसाचा आम्ही अंगठा घेतला होता, इतकी मला त्या दिवशी जबानी बंद करायची घाई झाली होती.

या केसने मला काय शिकवले, असे निवृत्तीनंतर तरुण अधिकारी विचारतात. मरण लांबवणारे औषध निघेल की नाही, मला माहीत नाही. माणूस ते हात पसरून घेईल, हे माहीत आहे, आणि त्याला कोणी दोष देऊ नये. बकरे कापणारा तो म्हातारीचा मुलगा आणि मी, दोघांनी एकच केले. म्हातारे माणूस चालू लागले याचा आनंद मानला आणि पुढचे पाहिले नाही. फरक इतकाच की, त्याने विचारताक्षणी सांगून टाकले आणि त्याचे घर उठले. मी सांगितले नाही आणि मला बढती मिळाली.

घाटावरच्या फौजदाराला मी दोन ओळींचे उत्तर पाठवले. सुप्याच्या तपासात असा कोणी रोगी आढळून आला नव्हता, सबब कळावे. खाली माझी सही आहे, ती मात्र स्वच्छ आणि ठळक आहे.